खाडीतल्या प्राणिप्लवकांचं ऋतुचक्र: नव्याने अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

नदी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यातून बारीक जाळी ओढली, की तिच्या टोकाच्या बाटलीत तपकिरी, बुळबुळीत लगदा जमा होतो. त्यातला थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा. झटके देत पळणारे कोपेपॉड (खेकडा-कोळंबीचे सूक्ष्म नातेवाईक) दिसतात, लांब काट्यांची खेकड्याची पिल्लं दिसतात, पारदर्शक बाणकृमी दिसतात. पाण्याबरोबर वाहणारे हे बारीक प्राणी म्हणजेच प्राणिप्लवक. १८२०च्या दशकात आयर्लंडमधल्या कॉर्क इथे जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचे लष्करी डॉक्टर असाच लगदा तपासत होते. त्यातूनच खडकांना चिकटून राहणारे, कवचाचे बार्नॅकल हे शिंपल्यांचे नव्हे तर खेकडा-कोळंबीचे नातेवाईक आहेत, हे त्यांनी दाखवलं. आजही सुरुवात तितक्याच साध्या साधनांनी करता येते. अवघड काम पुढचं आहे. या जिवांची संख्या वर्षभरात का चढते आणि का उतरते?

खाडीत तुम्ही एकाच जागी उभे असता, पण समोरचं पाणी तेच नसतं. सकाळी समुद्राचं असेल, तर दुपारी नदीचं. म्हणून या लेखात मोजणीइतकंच, किंबहुना जास्तच, पाण्याबद्दल सांगितलं आहे. पाण्याची ये-जा वजा केल्याशिवाय प्लवकांचा ऋतू दिसत नाही.

पहिली पायरी: कायमचे रहिवासी आणि तात्पुरते पाहुणे वेगळे करा

प्राणिप्लवकांचे दोन मोठे गट आहेत. काही जीव आयुष्यभर तरंगतच राहतात: कोपेपॉड, बाणकृमी, क्लॅडोसेरा (पाणपिसवा). काही फक्त लहानपणापुरते पाण्यात असतात आणि मोठे झाल्यावर तळाला जातात, खडकाला चिकटतात किंवा पोहू लागतात. बार्नॅकल, कालवं, खेकडे, तळातले वलयी कृमी आणि मासे यांची पिल्लं या दुसऱ्या गटातली. पहिल्या दिवसापासून या दोन गटांची नोंद स्वतंत्र ठेवा. त्यांचे ऋतू वेगळ्या कारणांनी ठरतात. कालवांची पिल्लं एका आठवड्यात अचानक वाढली, तर त्याचं कारण बहुधा तळावरच्या प्रौढ कालवांच्या प्रजननात असतं. प्लवकांच्या अन्नात ते शोधून हाती फारसं काही लागत नाही.

२०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) भोकांच्या जाळीत बहुतेक खाड्यांमध्ये सर्वाधिक भरणा कोपेपॉडांचा असतो, त्यामुळे ओळख पटवण्याची मेहनत आधी त्यांच्यावर करा. अंड्यातून बाहेर आल्यावर कोपेपॉड नॉप्लियस या पहिल्या पिल्लरूपाच्या ६ अवस्थांतून जातो. मग कोपेपोडाइट या प्रौढासारख्या दिसणाऱ्या रूपाच्या ५ अवस्था पार केल्या की तो प्रौढ होतो. सुरुवातीला प्रजाती ओळखता आली नाही तरी हरकत नाही, पण प्रौढ आणि पिल्लं वेगळी मोजा. एखाद्या महिन्यात पिल्लं भरपूर आणि प्रौढ थोडे असतील तर तिथे प्रजनन सुरू आहे. नुसते प्रौढच असतील तर ते दुसरीकडून वाहत आले असण्याची शक्यता जास्त. एकूण आकड्यात ही माहिती पूर्ण बुडून जाते.

दुसरी पायरी: जाळी टाकण्याआधी पाणी मोजा

क्षारता, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा आणि क्लोरोफिल-अ (वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, किती आहेत ते दाखवणारं हिरवं द्रव्य) या पाच गोष्टी प्रत्येक फेरीत मोजाव्यात. त्यातही एकच परवडत असेल तर क्षारता निवडा. उघड्या समुद्राची क्षारता साधारण ३५ (म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असते, नदीची ०.५ पेक्षा कमी. मधल्या पट्ट्याचे टप्पे १९५८च्या व्हेनिस वर्गीकरणाने ठरवले आहेत आणि ते आजही वापरात आहेत: ०.५ ते ५, ५ ते १८, १८ ते ३० आणि त्यापुढे समुद्राचं पाणी. आपलं ठिकाण कोणत्या महिन्यात कोणत्या टप्प्यात असतं याचा तक्ता हाताशी असला, की निम्मं कोडं सुटतं.

मोजमाप पृष्ठभागाशी आणि तळाशी, दोन्हीकडे घ्या. गोडं पाणी हलकं असतं, ते वरून वाहतं, आणि खारं पाणी खालून पाचरीसारखं आत शिरतं. नदीला पाणी जास्त असताना वर क्षारता २ आणि काही मीटर खाली २० असं चित्र सहज दिसू शकतं. नुसता वरचा आकडा घेतला तर त्या दिवशी सापडलेल्या समुद्री प्रजाती अनाकलनीय वाटतील. त्या प्रत्यक्षात खालच्या खाऱ्या थरात सुखरूप असतात.

ऑक्सिजनचंही तसंच आहे. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. पाणी खारं असेल तर आणखी कमी. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची क्षमताच घटलेली असते, त्यात कुजणारा सेंद्रिय गाळ आणि थरांमुळे थांबलेली सरमिसळ यांची भर पडते. तळाशी ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर अनेक कोपेपॉड खालचा थर सोडून वर येतात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात हे उन्हाळ्यात वारंवार घडतं. वरच्या थरातली वाढलेली संख्या तिथे भरभराटीची खूण नसते, ती गर्दी नाइलाजाने झालेली असते.

तिसरी पायरी: फेऱ्यांचं वेळापत्रक चंद्रावर बसवा

नवखे अभ्यासक बहुधा 'दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी' अशी आखणी करतात. खाडीत त्याने घोळ होतो. एका सोमवारी उधाणाची भरती सापडते, पुढच्या सोमवारी भांगाची (म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांतली) ओहोटी. दोन्ही वेळा पाण्याची क्षारता वेगळी, प्रवाहाचा जोर वेगळा, आणि तो फरक तुम्ही ऋतूच्या खात्यात टाकून मोकळे होता.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग. हे चक्र जवळपास १४.८ दिवसांचं आहे. नेहमी चंद्राच्या एकाच कलेला जा आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर जाळी टाका. यात आणखी एक फायदा आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे उधाणाची भरती घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला येते. त्यामुळे चंद्र सांभाळला की दिवस-रात्रीचा फरकही आपोआप बराचसा आवरला जातो. तो आवरायलाच हवा, कारण अनेक प्राणिप्लवक दिवसा तळाशी जातात आणि अंधार पडल्यावर वर येतात. दिवसा वरच्या थरात ओढलेली जाळी त्यांना मुकते.

फेऱ्या किती असाव्यात? गरम पाण्यात, म्हणजे २५ अंशांच्या आसपास, अकार्शियासारख्या कोपेपॉडाची एक पिढी एक-दोन आठवड्यांत पूर्ण होते. महिन्यातून एक फेरी म्हणजे मधल्या दोन-तीन पिढ्या न पाहता सोडणं. वर्षभर पंधरवड्याला जाणं जमत नसेल तर स्थिर काळात महिन्याला जा आणि बदलाच्या काळात, म्हणजे नदीला पूर येण्याच्या आधी-नंतर किंवा पाणी झपाट्याने तापत असताना, पंधरवड्याला. माझ्या मते बारा सारख्या अंतराच्या फेऱ्यांपेक्षा अशी विषम आखणी अधिक शिकवते. नंतरचं गणित थोडं अवघड होतं, पण ते करता येतं.

जागा निदान तीन हव्यात: मुखाशी, मध्यावर आणि वरच्या, गोड्या बाजूला. एकाच जागेवरून काहीही ठरवू नका.

चौथी पायरी: जाळी ओढणं

सर्वसाधारण अभ्यासाला २०० मायक्रॉनची जाळी चालते. मात्र तिच्यातून नॉप्लियस आणि ऑइथोनासारखे लहान कोपेपॉड मोठ्या प्रमाणात निसटतात. पिल्लांचा अभ्यास करायचा असेल तर ६४ मायक्रॉनच्या आसपासची दुसरी जाळी ठेवा. वर्षाच्या मध्यात जाळी बदलू नका. बदलावीच लागली तर काही फेऱ्या दोन्ही जाळ्या एकत्र ओढून तुलना करून घ्या.

तोंडाशी प्रवाहमापक हवाच. बोटीचा वेग आणि वेळ यांवरून काढलेलं अंतर खाडीत फसवं असतं, कारण पाणी स्वतः धावत असतं. गढूळ पाण्यात जाळीची भोकं गाळाने बुजतात, पाणी आत न जाता तोंडावरून बाजूला सरकतं, आणि तुमच्या हिशेबात मात्र ते गाळलं गेलेलं असतं. म्हणून पुराच्या दिवसांत कमी वेळ ओढा, एक-दोन मिनिटंही पुरतात. वेग साधारण एक ते दोन नॉट ठेवा. वर आल्यावर जाळी बाहेरून धुवा म्हणजे कडेला चिकटलेले जीव बाटलीत उतरतील. धुण्याचं पाणी आतून ओतलं तर त्यातले प्लवक तुमच्या नमुन्यात मिसळतात.

लाइफ जॅकेट घालूनच बोटीवर चढा. जोराच्या ओहोटीत मुखाशी जाळी टाकू नका.

पाचवी पायरी: नमुना टिकवणं

बाटलीत पाव भागापेक्षा जास्त प्लवक भरू नका, नाहीतर मधले जीव कुजतात. फॉर्मॅलिनच्या प्रमाणाचा गोंधळ फार आढळतो. बाजारातल्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मॅल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असतं. एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग नमुना घेतला तर फॉर्मॅल्डिहाइड सुमारे ४ टक्के होतं. '४ टक्के फॉर्मॅलिन' आणि '४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड' यांत दसपट नसला तरी दुपटीहून मोठा फरक आहे, तेव्हा नोंदवहीत नेमकं काय वापरलं ते लिहा. बोरॅक्स घालून आम्लता कमी करा, नाहीतर शिंपल्यांच्या पिल्लांची कवचं विरघळतात. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे: हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत किंवा धूर खेचणाऱ्या कपाटातच काम करा. डीएनए तपासायचा असेल तर नमुन्याचा एक भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई पुसली जाते.

शक्य असेल तर एक गोष्ट नक्की करा. फॉर्मॅलिन घालण्याआधी नमुन्याच्या एका भागाला न्यूट्रल रेड रंगात थोडा वेळ ठेवा. जिवंत कोपेपॉड लाल होतात, मेलेले रंग घेत नाहीत. खाडीत मेलेल्या कोपेपॉडांचं प्रमाण नगण्य नसतं, विशेषतः क्षारता अचानक बदलते तेव्हा. ही चाचणी न करता मोजलेल्या संख्येत मृतांची भर असते.

सहावी पायरी: मोजणी आणि हिशेब

पूर्ण नमुना मोजणं क्वचितच शक्य असतं, म्हणून फोल्सम विभाजकाने (नमुन्याचे दोन सारखे भाग करणाऱ्या उपकरणाने) त्याचे समान भाग करत जा. एका गटाचे १०० जीव मोजले तर आकड्यातली अनिश्चितता सुमारे २० टक्के राहते, ४०० मोजले तर सुमारे १० टक्के. निम्मी अनिश्चितता हवी तर मेहनत चौपट लागते, हे लक्षात ठेवून कुठे थांबायचं ते ठरवा. मुख्य गटांसाठी १००च्या खाली जाऊ नका.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. जाळीच्या तोंडाचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. प्रवाहमापकानुसार १०० मीटर पाणी आत गेलं, तर गाळलेलं पाणी १९.६ घनमीटर. नमुन्याच्या बत्तिसाव्या भागात १५० कोपेपॉड मिळाले, म्हणजे पूर्ण नमुन्यात ४,८००. त्याला १९.६ने भागलं की घनमीटरला साधारण २४५. हा हिशेब प्रत्येक फेरीनंतर त्याच आठवड्यात करा, कारण काही विचित्र निघालं तर परत जाऊन पाहता येतं.

सातवी पायरी: ऋतू कशाने घडतो ते ओळखा

गोड्या पाण्याचा लोंढा. मोसमी पावसाच्या प्रदेशात हाच सगळ्यांत मोठा घटक आहे. गोव्यातल्या मांडवी-झुआरी आणि केरळमधल्या कोचीच्या खाड्यांमध्ये जून ते सप्टेंबर इतकं पाणी येतं, की वरचा थर जवळजवळ गोडा होतो आणि समुद्री प्रजाती मुखाकडे किंवा बाहेर ढकलल्या जातात. त्यांच्या जागी गोड्या आणि मचूळ पाण्यातल्या प्रजाती उतरतात. पाऊस ओसरला की क्षारता चढू लागते आणि परतीचा क्रम दिसतो. क्षारतेतला चढउतार सोसणारे कोपेपॉड आधी परततात. बाणकृमींसारखे खाऱ्या पाण्याचे जीव कोरड्या महिन्यांत वरपर्यंत पोहोचतात, आणि प्रजातींची विविधता साधारण तेव्हाच सर्वाधिक असते. हिमवृष्टीच्या प्रदेशात हाच लोंढा बर्फ वितळल्यावर वसंतात येतो.

लोंढ्याचा परिणाम दोन मार्गांनी होतो आणि ते वेगळे ओळखणं गरजेचं आहे. एक, क्षारतेतल्या बदलाचा शरीरावरचा ताण. दोन, निव्वळ वाहून जाणं. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ बॉस्टविक केचम यांनी १९५४मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. खाडीतलं पाणी बदलायला जितका वेळ लागतो, त्या वेळात प्रजननाने वाहून गेलेली तूट भरून निघाली तरच ती प्रजाती खाडीत टिकते. पाणी पाच दिवसांत बदलत असेल आणि पिढी बारा दिवसांची असेल, तर अन्न कितीही असो, नुसतं तरंगत राहणाऱ्या कोपेपॉडाला तिथे राहता येत नाही. म्हणून काही प्रजाती ओहोटीला तळाशी बसतात आणि भरतीला वर येऊन आतल्या बाजूला सरकतात. युरिटेमोरासारखे कोपेपॉड गढूळपणाच्या सर्वोच्च पट्ट्यात साठून राहतात. फ्रान्समधल्या जिरोंद नदीमुखात हे ठळक दिसतं.

तापमान. समशीतोष्ण खाड्यांत ऋतूचा काटा याच्या हाती असतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॅरागान्सेट उपसागरात हिवाळा-वसंतात अकार्शिया हडसोनिका असतो आणि उन्हाळ्यात त्याची जागा अकार्शिया टॉन्सा घेतो. जो दिसत नाही तो नष्ट झालेला नसतो. त्याची सुप्त अंडी तळाच्या गाळात पडून असतात आणि अनुकूल तापमान आलं की उबतात. पाण्यात शून्य सापडलं म्हणून 'प्रजाती नाही' असं लिहिण्याआधी गाळाची मूठभर तपासणी करून पाहा.

अन्न. क्लोरोफिल वाढलं की कोपेपॉड वाढतील असा सरळ हिशेब खाडीत अनेकदा चुकतो. खाडीतले बरेच कोपेपॉड मिश्राहारी आहेत, ते सिलिएटसारखे सूक्ष्म प्राणीही खातात. शिवाय पुरात पोषकद्रव्यं भरपूर असली तरी गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, त्यामुळे वनस्पतिप्लवकांची वाढ पाणी निवळल्यावरच होते. कोपेपॉडांची संख्या त्याच्याही मागून वाढते.

शिकारी. नवखे अभ्यासक हा घटक हमखास विसरतात, कारण तो मीटरवर दिसत नाही. नेमिऑप्सिस नावाची कॉम्ब जेली (जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक शिकारी प्राणी) १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांनी तोल राखायला भरलेल्या (बॅलास्ट) पाण्यातून काळ्या समुद्रात पोहोचली आणि तिथले प्राणिप्लवक कोसळले. तिलाच खाणारी बेरोई ही दुसरी कॉम्ब जेली १९९७मध्ये तिथे आली, तेव्हा परिस्थिती सुधारू लागली. नॅरागान्सेटमध्ये पाणी तापल्याने नेमिऑप्सिसचा बहर उन्हाळ्याच्या अखेरीऐवजी सुरुवातीलाच येऊ लागला आणि टॉन्साचा उन्हाळी चढ त्यात सापडला. तेव्हा जाळीत आलेल्या जेली फेकू नका. मोजा, आकारमान लिहा, मग त्याच पाण्यात सोडा. फॉर्मॅलिनमध्ये कॉम्ब जेली विरघळून जातात, म्हणून ही नोंद बोटीवरच करावी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं उदाहरण मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथे १९७२पासून प्राणिप्लवकांची नियमित मोजणी होते आहे. १९८६मध्ये आशियाई मूळ असलेला एक लहान शिंपला तिथे आढळला आणि झपाट्याने पसरला. तो वनस्पतिप्लवक गाळून खातोच, युरिटेमोराची नॉप्लियस पिल्लंही खातो. उन्हाळ्यात मुबलक असणारा युरिटेमोरा पुढे मुख्यतः वसंतापुरता उरला. एका प्राण्याचा ऋतूच बदलला आणि त्याचं कारण पाण्याच्या गुणधर्मांत नव्हतं, तळावर होतं. आधीच्या दीड दशकाच्या नोंदी नसत्या तर हा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता.

आठवी पायरी: आलेख काढताना

पहिला आलेख महिन्यांवर काढू नका, क्षारतेवर काढा. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर प्रजातीची संख्या, आणि ऋतूनुसार बिंदूंचा रंग. समान क्षारतेला सर्व ऋतूंत जवळपास सारखीच संख्या दिसली, तर तुम्ही पाहिलेला 'ऋतुबदल' हा बहुतांशी पाण्याच्या सरकण्याचा परिणाम आहे. समान क्षारतेला ऋतूनुसार संख्या वेगळी असेल, तर जन्म, मृत्यू, अन्न किंवा शिकार यांत खरोखर काही बदललं आहे. इतक्या साध्या आलेखाने पुष्कळ क्लिष्ट संख्याशास्त्राची गरज मिटते.

पुढच्या विश्लेषणात संख्या लॉगमध्ये घ्या, कारण त्या काही जीवांपासून हजारोंपर्यंत पसरलेल्या असतात. सहसंबंध काढताना सावध राहा. मोसमी खाडीत कोरड्या महिन्यांत तापमान आणि क्षारता दोन्ही एकत्र चढतात, त्यामुळे कोणत्या एकाला श्रेय द्यायचं हे एका वर्षाच्या आकड्यांवरून ठरत नाही. दोन मार्ग आहेत. प्रयोगशाळेत एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलून जगण्याचं आणि अंडी घालण्याचं प्रमाण पाहा. किंवा पूर उशिरा आला, पाऊस कमी झाला अशा वर्षाची वाट पाहा, तेव्हा हे दोन घटक निसर्गच वेगळे करून दाखवतो. संख्येची तुलना त्याच दिवसाच्या परिस्थितीशी करून थांबू नका. एक-दोन पिढ्या मागच्या, म्हणजे दोन ते चार आठवड्यांपूर्वीच्या तापमानाशी आणि क्लोरोफिलशीही ताडून पाहा.

एका वर्षाच्या नोंदीवरून 'या खाडीत असं घडतं' असं लिहिता येत नाही, 'या वर्षी असं घडलं' इतकंच लिहिता येतं. दुसऱ्या वर्षी त्याच जागा, तीच जाळी, चंद्राच्या त्याच कला ठेवा. मोजून झालेल्या बाटल्या टाकू नका, वर्षातून एकदा झाकणं तपासा आणि उडून गेलेलं द्रावण भरा. उद्या एखादी नवी प्रजाती खाडीत आढळली, तर ती कधीपासून इथे आहे हे शोधायला त्याच बाटल्या पुन्हा उघडाव्या लागतील.